बायपासनंतर घरी ऑक्सिजन मशीन आणावी का?

प्रश्न : ताई, माझ्या सासऱ्यांची (वय ६६) बायपास होऊन आज बारा दिवस झाले. आठव्या दिवशी सुट्टी झाली, आता मानेवाड्याला घरीच आहेत. दवाखान्यातून श्वासाच्या व्यायामाचं तीन बॉलचं स्पायरोमीटर दिलंय, पण बाबा ते हातात धरत नाहीत. "छाती ताणून राहिली वं, टाके तुटतील," म्हणतात. खोकलाही दाबून धरतात. बोटावरच्या मशीनवर ऑक्सिजन ९५-९६ असतो, चालून आले की ९३. परवा रात्री एकदा ८९ दिसला आणि सगळं घर जागं झालं. सासूबाई तर आता रात्रभर ते त्यांच्या बोटाला लावूनच ठेवतात. रात्री बाबा दोन-तीनदा दचकून उठतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझे चुलत सासरे ऑक्सिजनचा बेड मिळायच्या आधीच गेले, म्हणून दीर म्हणतात, मशीन घरात असलेली बरी. दुकानदार म्हणतो, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर भाड्याने न्या, सोबत बायपॅपही (मास्कमधून दाबाने हवा देणारी मशीन) न्या, हृदयाला आराम पडतो. डॉक्टरांच्या कागदावर ऑक्सिजनचं काही लिहिलेलं नाही. आणावी का मशीन? बाबांचा पंचवीस वर्षांचा खर्रा (सुपारी-तंबाखू) आत्ता बंद आहे, त्याने चिडचिड फार. आणि ऊन तापायला लागलंय, त्यांच्या खोलीत कूलर चालेल का?
— एक सून, नागपूर

उत्तर : ताई, मशीनचं आधी सांगते. तुम्ही जे आकडे लिहिलेत त्यावरून आज ऑक्सिजनची मशीन लागेल असं दिसत नाही, आणि बायपॅप तर दुकानदाराच्या शब्दावर मुळीच आणू नका. बाबांच्या श्वासाला आत्ता जो आधार हवा तो तुमच्या घरात आलेला आहे : ते स्पायरोमीटर, एक जाडसर उशी आणि वेळेवर दिलेली दुखण्याची गोळी. या तिन्ही गोष्टी कोपऱ्यात पडून राहिल्या, तर मात्र पुढच्या आठवड्यात खरोखर ऑक्सिजन लागायची पाळी येऊ शकते. मला काळजी त्याची वाटते.

तुमच्या दिरांची भीती खरी आहे. तो एप्रिल नागपुरात ज्यांनी पाहिला, विशाखापट्टणमहून ऑक्सिजनचे टँकर लादलेली रेल्वे आपल्या स्टेशनवर कधी येते याची ज्यांनी वाट पाहिली, त्यांच्या घरात बोटावरचा आकडा अजूनही जिवाला घोर लावतो. त्यांना "घाबरू नका" म्हणून भागणार नाही, फरक समजावून सांगा. कोविडमध्ये फुप्फुसं स्वतःच आजारी पडली होती. आत घेतलेला ऑक्सिजन रक्तात उतरत नव्हता, म्हणून बाहेरून जास्तीचा द्यावा लागत होता. बाबांची फुप्फुसं तशी आजारी नाहीत. ती पूर्ण उघडत नाहीयेत.

बायपास करताना छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि शेवटी पोलादी तारांनी बांधतात. छातीच्या आतली डावी धमनी ग्राफ्टसाठी (हृदयाच्या अडलेल्या धमनीला नवी वाट जोडायला) काढताना डाव्या फुप्फुसाचं आवरण बऱ्याचदा उघडलं जातं, म्हणून त्रास डावीकडे जास्त राहतो. घरी आल्यावर दुखतं म्हणून माणूस वरवरचा श्वास घेतो. एरवी आपण सगळेच दर पाचेक मिनिटांनी नकळत एक मोठा श्वास घेत असतो, आणि त्या एका श्वासाने फुप्फुसांच्या तळाचे मिटत आलेले हवेचे कप्पे पुन्हा उघडतात. दुखऱ्या छातीत हा मोठा श्वासच थांबतो. मग तळाचे कप्पे ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बाजूंसारखे एकमेकांना चिकटतात, तिथे कफ साचतो आणि साचलेल्या कफात जंतू वाढून न्यूमोनिया होतो.

अशा छातीला नाकातून ऑक्सिजन लावला तर जो भाग उघडा आहे तिथून रक्तात थोडा जास्त जातो. बोटावरचा ९५ चा ९८ होतो, घर निश्चिंत होतं. चिकटलेला भाग तसाच राहतो. उलट आकडा छान दिसतो म्हणून बाबा अजून वरवर श्वास घेतात हे कोणाच्या लक्षातच येत नाही, आणि येतं तेव्हा ताप आलेला असतो. गरज नसताना लावलेली मशीन मला धोक्याची वाटते ती यासाठी. "हृदयाला आराम पडतो" हे तर फार लोक मनापासून मानतात. स्वीडनमध्ये हार्ट अटॅकचा संशय असलेल्या साडेसहा हजारांहून जास्त रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा ऑक्सिजन मुळात ९० किंवा वर होता. त्यातल्या निम्म्यांना वरून ऑक्सिजन दिला, निम्म्यांना नाही. वर्षभरातल्या मृत्यूंमध्ये फरक पडला नाही. तो अभ्यास बायपासचा नव्हता, पण पुरेसा ऑक्सिजन असताना आणखी दिल्याने हृदयाचं भलं होतं ही समजूत त्याने सोडायला लावली.

आता स्पायरोमीटर. मी हृदयशस्त्रक्रियेच्या वॉर्डात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते, आणि रोज दिसणारी गोष्ट म्हणजे रुग्ण त्या नळीत जोर लावून फुंकतो. बॉल हलत नाहीत, छाती दुखते, आणि तो म्हणतो ही वस्तू काही कामाची नाही. बाबांचंही असंच होत असेल अशी मला दाट शंका आहे. फुंकायचं नाही, ओढायचं आहे. त्यांना खुर्चीत किंवा पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून ताठ बसवा. यंत्र डोळ्यांसमोर सरळ उभं धरा. आधी श्वास सावकाश बाहेर सोडायचा, ओठ नळीभोवती घट्ट मिटायचे आणि हवा हळूहळू आत ओढायची. पहिला बॉल वर चढला की तो दोन-तीन सेकंद वर टिकवायचा, नळी काढून श्वास सोडायचा, जरा थांबायचं. यंत्रावर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात, ते हवा किती वेगाने ओढली याचे आहेत. झटका देऊन तिन्ही बॉल उडवण्यापेक्षा एकच बॉल संथपणे वर धरून ठेवणं छातीला जास्त उपयोगाचं, हे त्यांना मुद्दाम सांगा. पुरुषमाणसं तिसऱ्या बॉलच्या मागे लागतात आणि दमतात. असे दहा श्वास, जागेपणी दर तासाला. चक्कर आल्यासारखं वाटलं तर दोन श्वासांमध्ये जास्त वेळ थांबायचं.

बाबांनी यंत्राला हात लावायचाच नाही असं ठरवलं असेल, तर त्यावरून घरात वाद घालू नका. पोटावर हात ठेवून, पोट वर येईल असा खोल श्वास, वर तीन सेकंद थांबणं, मग सोडणं, हेही तेवढंच चालतं. यंत्र फक्त डोळ्यांना दिसणारं निशाण देतं. खोल श्वास व्हायला हवा, तो कसा का होईना.

हे सगळं दुखत असताना होणार नाही. कागदावर लिहिलेली दुखण्याची गोळी "सहन होतंय" म्हणून टाळू नका; ती वेळेवर द्या आणि अर्ध्या-पाऊण तासाने व्यायामाला बसवा. मात्र मेडिकलमधून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा अंगदुखीच्या गोळ्या आपल्या मनाने आणू नका, बायपासनंतर त्या हृदयाला आणि किडनीला महागात पडू शकतात. लिहिलेली गोळी पुरत नसेल तर सर्जनना फोन करा.

टाके तुटण्याचं भय जवळपास प्रत्येकाला असतं. बाबांना सांगा, हाड तारांनी बांधलेलं आहे, खोकल्याने ते सहसा हलत नाही. खोकला दाबून कफ आत ठेवणं जास्त वाईट. उशी घ्या, मधून घडी घाला, त्यांनी ती दोन्ही हातांनी छातीशी कवटाळायची आणि थोडं पुढे वाकून खोकायचं. खोकण्याआधी दोन-तीनदा चष्म्याची काच पुसताना वाफ सोडतात तसं तोंड उघडून "हाऽ" करत श्वास जोरात सोडायचा, कफ सैल होतो. पहिल्यांदा तुम्ही किंवा तुमच्या मिस्टरांनी बाबांच्या हातांवर हात ठेवून उशी दाबून धरा. एकदा खोकून बेडका पडला आणि टाका तुटला नाही हे त्यांना स्वतःला दिसलं, की पुढचं काम सोपं होतं. पलंगावरून उठताना मात्र हातांवर जोर द्यायचा नाही, कोणी हात धरून ओढायचंही नाही; आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग उठायचं. हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, पक्कं व्हायला तीनेक महिने. तोवर भरलेली बादली, नातवाला कडेवर घेणं, गाडी चालवणं, सगळं बंद. हालचालीत हाडातून कट्कट् आवाज आला किंवा जखमेतून पाणी-पू दिसला तर त्याच दिवशी दाखवा.

परवा रात्रीच्या ८९ बद्दल. झोपेत हात गार पडलेला असतो, बोट हलतं, क्लिप तिरकी बसते, आणि हे उपकरण नीट लावलं तरी दोन-तीन टक्क्यांनी इकडेतिकडे दाखवू शकतं. सासूबाईंना प्रेमाने सांगा की रात्रभर बोटाला लावून ठेवल्याने बाबांची झोप मोडते आणि त्यांचीही. दिवसातून तीनदा मोजा : सकाळी, दुपारी, झोपण्याआधी. पाच मिनिटं शांत बसलेले असावेत, हात चोळून गरम केलेला, बोट स्थिर, आणि आकडा मिनिटभर टिकला की वहीत लिहायचा. सोबत नाडीचा आकडाही लिहा. चालून आल्यावर ९३ होऊन दोन-तीन मिनिटांत परत ९५ वर जात असेल तर इतक्या लवकरच्या दिवसांत मला त्याची धास्ती वाटत नाही, पण डॉक्टरांच्या कानावर घाला. बसल्या जागी, नीट मोजूनही ९२-९३ वर अडकून राहिला तर त्याच दिवशी सर्जनच्या टीमला फोन. ९० च्या खाली टिकला तर फोनाफोनीत वेळ घालवू नका, सरळ दवाखाना.

दचकून उठण्याकडे मात्र नीट लक्ष द्या, तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ ती आहे. का उठतात हे बघा. कूस बदलताना दुखून उठत असतील तर पाठीमागे दोन-तीन उशा लावून डोक्याकडची बाजू उंच करा, बहुतेकांना बरं पडतं. आडवं झालं की दम लागतो, उठून बसलं की बरं वाटतं, असं असेल तर फुप्फुसात किंवा त्याभोवती पाणी साचत असू शकतं. याला सकाळपर्यंत थांबू नका. रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाआधी, त्याच काट्यावर वजन करा. एका दिवसात किलो-दीड किलो किंवा आठवड्यात दोन-अडीच किलो वाढलं तर शरीरात पाणी धरतंय. आणि जोरात घोरता घोरता श्वास मध्येच थांबतो, मग गुदमरल्यासारखं होऊन जाग येते असं सासूबाईंनी ऑपरेशनच्या आधीपासून पाहिलेलं असेल, तर तो झोपेतला श्वास अडकण्याचा आजार असू शकतो. त्याची झोपेत तपासणी होते, आणि निदान झालं तर सीपॅप (तशीच दाबाने हवा देणारी मशीन) किंवा बायपॅप खरोखर उपयोगी पडतं. पण हवेचा दाब किती ठेवायचा हे तपासणीवर ठरतं. नुकत्याच उघडलेल्या छातीला आणि हृदयाला अंदाजाने दाब देणं बरोबर नाही.

पुढे समजा डॉक्टरांनी ऑक्सिजन लिहिलाच. काहींना लागतो : हृदयाचं पंपिंग कमी असतं, जुना दमा किंवा बिडीने खराब झालेली फुप्फुसं असतात. तेव्हा कागदावर तीन गोष्टी मागून घ्या : मिनिटाला किती लिटर, दिवसातून किती तास, आणि आकडा कितीच्या दरम्यान ठेवायचा. फुप्फुसांच्या जुनाट रोगात तो मुद्दाम ८८ ते ९२ ठेवतात, कारण जास्त दिला तर काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून त्यांना गुंगी येते. "दम लागतोय, दोनाचे चार लिटर करा" हे घरच्या घरी करायचं नसतं.

कॉन्सन्ट्रेटर खोलीतलीच हवा घेऊन त्यातला नायट्रोजन काढून टाकतो. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, मशीनमधून साधारण ९० ते ९५ टक्के निघतो. घरी सहसा पाच लिटरची मशीन पुरते. ती साडेतीनशे वॅटच्या आसपास वीज घेते, म्हणून कूलरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका, अर्थिंग असलेला वेगळा पॉइंट द्या. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली की घरचा इन्व्हर्टर ती किती वेळ ओढेल हे इलेक्ट्रिशियनला विचारा आणि छोटा सिलिंडर भरून ठेवा. दीड हजार लिटरचा सिलिंडर मिनिटाला दोन लिटरने बारा तास चालतो. मशीनला ऑक्सिजन ओलसर करणारी बाटली असते, तिच्यात डिस्टिल्ड वॉटर, रोज बदललेलं. फिल्टर आठवड्याला धुवून पूर्ण वाळवायचा. आणि आग! ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत समई, निरांजन, उदबत्ती, मच्छर अगरबत्ती, बिडी काहीही नको, आणि नळी लावून स्वयंपाकघरात गॅसजवळ जायचं नाही. नाक कोरडं पडलं म्हणून तूप, तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, पाण्याचं जेल मिळतं ते लावा.

मशीन असो वा नसो, काही वेळी एकच काम करायचं : १०८ ला फोन. अचानक दम लागून छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, बोलताना वाक्य पुरं न होणं, गुंगी येणं किंवा असंबद्ध बोलणं. ग्राफ्टसाठी ज्या पायातून शीर काढली तो थोडा सुजतो, पाय उंच ठेवला की उतरतो. पण एकच पोटरी टणक होऊन दुखायला लागली तर रक्ताची गाठ असू शकते, ती सुटून फुप्फुसात जाते, तेव्हा मालिश न करता त्याच दिवशी दाखवा. १००.४ च्या वर ताप, किंवा नाडी अचानक १२० च्या पुढे जाऊन बेताल झाली, तरीही वाट पाहू नका.

चालणं हा श्वासाचा सगळ्यात चांगला व्यायाम. सकाळी सातच्या आत आणि दिवस मावळल्यावर, सुरुवातीला पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, घरातल्या घरात चाललं तरी हरकत नाही. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता यायला हवं, एवढा वेग बरोबर. मानेवाड्याच्या भर दुपारच्या उन्हात नेऊ नका.

खर्रा बंद आहे ही या सगळ्या आजारपणातली मोठी मिळकत आहे. चिडचिड निकोटिन सुटल्याची आहे, पहिले दोन-तीन आठवडे कठीण जातात, मग उतरते. "एखादी पुडी चालते" म्हणणाऱ्या मित्रांना सध्या दारातूनच चहा पाजा. फारच सोसत नसेल तर तपासणीला गेल्यावर त्यासाठीच्या औषधाबद्दल विचारा.

कूलर लावा. ४५ अंशांत माणूस घामाने निथळून झोपला नाही तर श्वासही बिघडतो. झोत थेट छातीवर नको, समोरची खिडकी उघडी हवी, टाकीतलं पाणी एक-दोन दिवसांनी बदला. जुनी कुबट वास येणारी खस काढून टाका, आणि नवी खस बसवल्यावर बाबांना दुसऱ्या खोलीत बसवून कूलर तासभर चालू द्या, धूळ निघून जाईल. धूप घरात काही दिवस नको. डासांसाठी मच्छरदाणी.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा वजनाची आणि ऑक्सिजनची वही, आणि स्पायरोमीटर, दोन्ही सोबत न्या. छातीचा एक्स-रे काढलात तर डाव्या बाजूला पाणी आहे का, असेल तर किती, हे सरळ विचारा. थोडं पाणी बऱ्याच जणांना काही आठवडे राहतं आणि आपोआप जिरतं. फिजिओथेरपिस्टला शोधून बाबांना तिथेच दहा श्वास करून दाखवायला लावा. दीर सोबत आले तर फार बरं, मशीनचा प्रश्न त्यांनी स्वतः डॉक्टरांना विचारावा.